किल्ल्यावरच्या शिपायाचे नाव

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहतो. विटांचे तुकडे, गोणपाट, चिकणमाती आणि वर पेरलेले अळीव, एवढ्या सामग्रीवर आमचा सात वर्षांचा नातू रायगडही रचतो आणि प्रतापगडही. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मातीची चित्रे मांडण्याचे काम चालले होते. सिंहासनावर महाराज बसले. मग एकेक मावळा हातात घेऊन तो विचारू लागला, "आजोबा, ह्याचे नाव काय?" मी सांगत गेलो. हा तानाजी, हा बाजीप्रभू, हा येसाजी. शेवटी खालच्या दरवाजाशी उभा करायचा एक उरला. रंग उडालेला, भाला मोडलेला.

"हा नुसता शिपाई," मी म्हणालो.

"नुसत्या शिपायाला नाव नसते?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण असा एक नाव नसलेला शिपाई आमच्याच घरात होऊन गेला आहे, आणि त्याचे नाव हरवण्यात माझाही थोडा वाटा आहे.

माझे आजोळ माणगाव तालुक्यातले. सर्वपित्री अमावास्येला आजी एक पान जास्त वाढी. आम्ही मुले विचारीत, "हे कोणाचे?" ती म्हणे, "बसऱ्याच्या आजोबांचे." बसऱ्याचे आजोबा म्हणजे तिच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. मुंबईला गिरणीत बदलीवर काम करीत. काम मिळाले तर मिळाले, नाही तर दारावरून परत. पहिल्या महायुद्धात ते पलटणीत भरती झाले आणि आमच्या खेड्यातल्या भाषेत 'लामावर' गेले. जाताना आजीच्या हातावर त्यांनी खडीसाखरेचा पुडा ठेवला होता. आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची सून होती. त्या पुड्यापलीकडे त्यांची दुसरी आठवण तिच्याजवळ नव्हती.

त्यांचे नाव आजीने कधी घेतले नाही. सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नाही, ही त्या काळची रीत. त्यांची पत्नी मी लहानपणी पाहिली आहे. माजघरात खाली मान घालून तांदूळ निवडीत बसलेली. ती तर नाव घेणे शक्यच नव्हते. नवऱ्याचे नाव बाईच्या तोंडी यायचे ते उखाण्यात, आणि विधवेला उखाणा कोण घ्यायला सांगणार? पेन्शनीचे कागद ट्रंकेत होते, ते वाळवीने खाल्ले. घरातल्या पुरुषमंडळींना नाव ठाऊक असणारच. पण मी विचारले नाही, आणि विचारावेसे वाटले तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते.

मग पुस्तके चाळून निदान ते गेले कुठे, एवढे तरी समजून घेण्याचा मी प्रयत्न केला.

'बसऱ्याची लढाई' म्हणजे मेसोपोटेमियातली, आजच्या इराकमधली मोहीम. तिथे गेलेल्या सैन्यात पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३वी, ११०वी व ११७वी अशा मराठा पलटणी होत्या. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे सैन्य तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या जवळ जाऊन पोहोचले, तिथून मागे रेटले गेले आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडले. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. धर्माच्या आणि जातीच्या भयाने कित्येक हिंदी शिपाई ते मांस घेईनात. विमानातून धान्याची पोती टाकण्याचा प्रयोग झाला, तो पुरा पडला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसे शरण गेली. त्यांतली हजारो पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेली.

ज्यांना थडगे नाही, अशा ह्या मोहिमेतल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी इंग्रज सरकारने बसऱ्याजवळ एक भव्य स्मारक बांधले. १९२९ साली त्याचे अनावरण झाले. आता इथेही माझ्या नातवाचाच प्रश्न उभा राहतो. त्या दगडावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली होती. हिंदी अधिकाऱ्यांची, म्हणजे सुभेदार-जमादारांची नावेही होती. साध्या हिंदी शिपायांचा आणि हवालदार-नाईकांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा होता. अमुक पलटण, इतके जण. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने चौकशी करून हा भेदभाव उघडपणे मान्य केला आणि क्षमा मागितली. क्षमा मागितली हे बरेच झाले. पण तोवर एक शतक उलटून गेले होते.

म्हणजे घरात रीतीमुळे नाव घेतले नाही आणि सरकारने नाव कोरले नाही. दोन्हीकडून माणूस पुसला गेला.

१९२२ साली मराठा पलटणींची नव्याने रचना झाली. सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही एक रेजिमेंट झाली. तिचे केंद्र बेळगावला आले. कुतच्या वेढ्यातली ती ११०वी पलटण ह्या रेजिमेंटची तिसरी पलटण बनली. आणि ह्याच तिसऱ्या पलटणीत, एका पिढीनंतर, माझ्या आजोळच्याच तालुक्यातला एक पोरगा भरती झाला. त्याचे नाव मात्र हरवले नाही. त्याचे नाव यशवंत घाडगे.

वाचकांपैकी कित्येकजण मुंबई-गोवा रस्त्याने माणगावावरून गेले असतील. तिथे त्याचे स्मारक आहे. आजोळी जाताना मी त्याच्यावरून किती वेळा गेलो असेन याला गणती नाही. एस. टी. फार वेळ थांबत नसे आणि आमचे लक्ष वडापावाकडे असे. खाली उतरून ते स्मारक पहिल्यांदा नीट पाहिले तेव्हा माझे केस पांढरे झाले होते.

यशवंत जन्मला १६ नोव्हेंबर १९२१ रोजी, माणगाव तालुक्यातल्या पळसगावी. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, १९८१ पासूनचा रायगड. ह्या भागातल्या खेड्यांची त्या काळची स्थिती आमच्या आजोळावरून मला ठाऊक आहे. भाताची लहान लहान खाचरे, वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि दिवाळीत भरलेली कणगी होळीनंतर खडखडू लागायची. घरात चार मुलगे असले तर एक शेतावर, दोन गिरणीत आणि एक पलटणीत, ही वाटणी ठरल्यासारखी असे. पलटणीत दोन वेळचे जेवण, अंगावर कपडा, पायात बूट आणि दरमहा घरी जाणारी मनिऑर्डर. गावात परतल्यावर 'फौजी' म्हणून मान मिळे तो वेगळा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला सुमारे दोन लाखांचे असलेले हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. कायद्याने सक्ती नव्हती. पण पोटाची सक्ती कोणत्या कायद्यात लिहिलेली असते?

यशवंताची पलटण १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या उघड्या डोंगरांवर इटालियन सैन्याशी लढली होती. १९४४ साली ती दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर खुद्द इटलीत उतरली. ४ जून १९४४ रोजी रोम पडले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले, पण हटताना एकेक टेकडी रक्ताची किंमत घेऊन सोडत होते. रोमहून वाहत जाणारी टायबर नदी जिथून येते त्या वरच्या खोऱ्यात हिंदी पलटणींना ह्या टेकड्या एकामागून एक घ्यायच्या होत्या.

१० जुलै १९४४. आपल्याकडे आषाढ चालू होता. कोकणात ते लावणीचे दिवस. पळसगावच्या खाचरांतून त्या सकाळी बायका इरली घेऊन, गुडघाभर चिखलात, रोपांच्या मुठी लावीत असतील. यशवंत तेव्हा नाईक होता, एका सेक्शनचा म्हणजे मूठभर माणसांचा नायक. त्याच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम मोर्चावर हल्ला केला. जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि पाहता पाहता त्याच्या सेक्शनमधले सगळे जण पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभा राहिला तो एकटा.

त्याने त्या मशिनगनवरच धाव घेतली. हातगोळा फेकून ती तोफ आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले. आपल्या टॉमीगनने आणखी एकाला गारद केले. गोळ्या संपल्या. दुसरे मॅगझिन चढवायला सवड नव्हती. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना झोडपून ठार केले. मोर्चा हाती आला. तेवढ्यात दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. एकट्याने घेतलेल्या त्या मोर्चातच त्याने प्राण सोडला. वय बावीस वर्षे आणि जवळजवळ आठ महिने.

हे सारे घडायला किती वेळ लागला असेल? जेमतेम काही मिनिटे. त्या मिनिटांची नोंद सरकारी राजपत्रात तपशीलवार आहे. त्याआधीच्या बावीस वर्षांची आणि त्याच्यामागे घरच्यांनी काढलेल्या वर्षांची नोंद राजपत्रात नसते. यशवंताच्या मागे त्याची तरुण पत्नी होती.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्याचे राजपत्र २ नोव्हेंबर १९४४ चे आहे. मी त्या वर्षाची तिथी काढून पाहिली. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येऊन गेली होती. म्हणजे त्या घराने ती पहिली दिवाळी काढली तेव्हा हा मोठा सन्मान जगाला ठाऊकच नव्हता. त्या दिवाळीपुरता तो केवळ परत न आलेला एक मुलगा होता. सन्मान आला तेव्हा पणत्या विझून पंधरवडा झाला होता.

१९४५ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते पदक यशवंताच्या पत्नीच्या हाती दिले. कोकणातल्या खेड्यातली बाई, समोर गोरे साहेब, लष्करी शिस्तीची रांग आणि अनोळखी भाषा. तो प्रसंग डोळ्यांसमोर आला की मला माझ्या आजोळचे माजघर आठवते. जे नाव बाईने उखाण्याशिवाय उच्चारायचे नाही, ते नाव त्या भर दरबारात परक्या माणसांच्या तोंडून तिने ऐकले असेल. त्या क्षणी तिला अभिमान वाटला असेल की आणखी काही, हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही.

दैवयोग पाहा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि सारा देश त्यांच्या बाजूने उसळला. ते योग्यच होते. परंतु त्या लाटेत इंग्रजांच्या झेंड्याखाली मेलेल्या शिपायांचे काय करावे, हे आपल्याला उमगेना. त्यांना वीर म्हणावे तर लढाई परक्यांची. नाही म्हणावे तर पोरे आपलीच. मग आपण सोपा मार्ग पत्करला. आपण त्यांच्याविषयी बोलेनासे झालो. हिंदी सैन्यातले सुमारे ८७ हजार जण त्या महायुद्धात मेले. त्यांची नावे आपल्या शाळेच्या पुस्तकांत तुम्ही कधी वाचली आहेत काय?

कोणी विचारील, हा कोणासाठी लढला? राजासाठी? १९४२ चे 'चले जाव' ऐकलेल्या देशातला हा तरुण. राजासाठी लढला असे मला वाटत नाही. भरती झाला तो बहुधा घरच्या कणगीसाठी, आणि त्या टेकडीवर धावला तो शेजारी पडलेल्या आपल्या माणसांसाठी. समोर हिटलरचे सैन्य होते आणि ते हरणे जगाच्या भल्याचे होते, हेही विसरू नये. मोठमोठ्या शब्दांचा हिशेब इतिहासकारांनी करावा. ज्या घरातली मनिऑर्डर थांबते त्या घराचा हिशेब फार साधा असतो.

तो हिशेब आमच्या घरात मी पाहिला आहे. बसऱ्याच्या आजोबांची पत्नी दर महिन्याला पेन्शनीसाठी तालुक्याच्या पोस्टात चालत जाई. उन्हाळ्यात पहाटे निघे, पावसाळ्यात इरले घेऊन. अंगठा उठवी, पैसे पदराच्या गाठीला बांधी आणि दिवेलागणीला परत येऊन ती गाठ तशीच्या तशी थोरल्या जावेपुढे सोडी. त्यातून तिने स्वतःसाठी काही घेतल्याचे कोणाला आठवत नाही. लग्नकार्यात ती पुढे आली नाही, हळदीकुंकवाला बसली नाही. नवरा वर्षभर लढला असेल, ती पन्नास वर्षे लढली. तिला कोणते पदक द्यावयाचे?

पाचव्या मराठ्यांच्या वाट्याला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस आले. दुसरे नामदेव जाधव यांचे, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनियो नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना माराखालून वाचवले आणि मग शत्रूच्या तोफांवर चाल केली. ते जिवंत परतले आणि १९८४ पर्यंत जगले. दोघांच्या पदकांत फरक नाही. घरांत मात्र केवढा फरक पडला असेल! एका घरी पदकाबरोबर माणूस आला, दुसऱ्या घरी माणसाऐवजी पदक आले.

यशवंताला थडगे नाही. इटलीत कॅसिनो येथे थडगे नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे, तिथे त्याचे नाव कोरले आहे. बसऱ्याला जे झाले नाही ते तिथे झाले. नुसता आकडा नाही, नाव आहे. आणि तो ज्या खोऱ्यात पडला तिथल्या मोंतोने या लहानशा गावाने जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाचे आणखी एक स्मारक उभारले. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक होते आणि त्यांतले ५,७८२ तिथेच राहिले, त्या साऱ्यांची ही आठवण. स्मारक कसले, तर सूर्यघड्याळ. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या शेतातून धावत गेलेल्या कोकणी पोराची आठवण त्या परक्या गावाने ठेवावी, आणि मी त्याच्या तालुक्यात वडापाव खात बसावे! असो.

दुसऱ्या दिवशी, नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून नातू किल्ल्यापाशी धावला. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि यशवंत घाडग्याची हकिगत त्याला सांगितली. बंदूक नळीकडून धरल्याचे ऐकून त्याचे डोळे चमकले. दोघांना झोडपले म्हटल्यावर तो हसला. मग त्याच्या बायकोविषयी सांगितले तेव्हा गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने वहीचा कागद फाडला, 'यशवंत' असे लिहिले आणि काडीला लावून तो कागद खालच्या दरवाजापाशी, मोडक्या भाल्याच्या शिपायाजवळ रोवला.

"आणि तुमचे ते बसऱ्याचे आजोबा?" त्याने विचारले. "त्यांचे काय लिहू?"

आयोगाच्या नोंदींत आता मराठा पलटणींतल्या शिपायांची नावे शोधता येतात. मी शोधली आहेत. त्या यादीत एकाच नावाचे अनेक जण आहेत आणि त्यांतला आमचा कोणता, हे सांगणारा कागद वाळवीच्या पोटात गेला. तेव्हा मी त्याला एवढेच म्हणालो, "बसऱ्याचे आजोबा असेच लिही."

त्याने तसे लिहिले. त्यांच्यासाठी वेगळा मावळा उरला नव्हता, म्हणून ती काडी तशीच मातीत उभी केली आणि तिच्याजवळ एक पणती ठेवली.

वाचकहो, तुमच्याही घरात असा कोणी असेल. बसऱ्याचा, फ्रान्सचा, ब्रह्मदेशाचा, नाही तर अलीकडच्या काळातला, सीमेवरचा. ह्या दिवाळीला घरातली म्हातारी माणसे एकत्र जमतील. फराळाचे ताट पुढे सरकवताना त्यांना त्याचे नाव विचारा आणि कुठेतरी लिहून ठेवा. मी विचारले नाही. तुम्ही ती चूक करू नका.